औषध टाकीला, दुखणं जेटला: पाववाल्या मामांच्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यात पाव विकणारे एक गृहस्थ आहेत, साठीच्या आतबाहेरचे. गाव त्यांना मामा म्हणतं, इथेही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. गाडीचं दुखणं मात्र जसंच्या तसं ठेवलंय.

पहाटे शृंगारतळीला माल उचलायचा, मोडकाआगर, पालशेत करत वेळणेश्वर-हेदवीच्या बाजूला वाड्यावाड्यांतून फिरायचं आणि नऊच्या आत घर गाठायचं, हा मामांचा रोजचा क्रम. थांबे साठेक. थांब्यावर गाडी बंद करायची नाही. भोंगा दोनदा दाबायचा, पुढे आलेल्या पिशवीत पाव टाकायचे, पैसे घ्यायचे किंवा वहीत मांडायचे आणि पहिला गिअर टाकून निघायचं. या धंद्यात गाडी पळते किती याला कोणी विचारत नाही. रेस सोडल्यावर ती जाग्यावर चालू राहिली पाहिजे.

गाडी २००८ सालची, १०० सीसीची, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली. सेल्फ नाही, नुसती किक. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण कोकणातल्या पडव्या आणि मांगर धुंडाळले तर अशा गाड्या अजून शेकड्यांनी निघतील.

जून २०२४च्या अखेरीस मामा पाखाडीवरच्या शेवाळावरून घसरले आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. प्लास्टर, मग काठी. दोन महिने गाडी पडवीत उभी राहिली. पडवी नावाची, कौलांच्या पागोळ्या थेट टाकीवर. टाकीत पाऊण भाग हवा, पाव भाग पेट्रोल, आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालूच राहिलेला. या शेवटच्या ओळीतल्या तिन्ही गोष्टी पुढे नडल्या.

अडचण

२५ ऑगस्टला, रविवारी, मामांनी गाडी बाहेर काढली. गणपती ७ सप्टेंबरला. चाकरमानी यायला लागले की पावाचा खप दुपटीवर जातो, तेव्हा आणखी थांबणं परवडणारं नव्हतं.

चोक देऊन, पंधरा-वीस किका मारून गाडी लागली. रस्त्यावर ठीक पळत होती. पण चोक काढून रेस सोडली की दोन-तीन सेकंदांत बंद. म्हणजे साठ थांब्यांना साठ किका, आणि किक मारायची ती नेमकी मोडलेल्या पायाने. डॉक्टरांनी त्या पायावर जोर द्यायला मनाई केली होती. मामांनी पुढचा आठवडाभर जी घाई केली, तिचं मूळ इथे आहे. त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण तसं ते नव्हतं.

थोडं यंत्राचं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल इंजिनाकडे जायच्या वाटा वेगवेगळ्या असतात. रेस दिली की मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी भोकाची पितळी नळी, काम करतो. रेस पूर्ण सोडली की सगळी भिस्त पायलट जेटवर, ज्याला गॅरेजात स्लो जेट म्हणतात. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. कॉक चालू ठेवून गाडी उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी साठलेलं, पेट्रोल हळूहळू उडतं, टाकीतून नवं येतं, तेही उडतं. मागे राहतो तो चिकट, वार्निशासारखा थर. मुख्य जेटच्या मोठ्या भोकाला त्याचं फार काही वाटत नाही. स्लो जेट मात्र बुजतो. पळताना ठीक आणि उभ्याला बंद, हे लक्षण त्यामुळेच.

दुसरं लक्षण याहून बोलकं होतं. चोक दिला की गाडी चालू राहायची. चोक हवा अडवतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक दिल्यावरच जी गाडी जगते, तिला उभ्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. ही दोनच कारणं आधी तपासायची. पहिल्या दिवशीच हे कळण्यासारखं होतं, खर्च शून्य. पण विचारणारं कोणी नव्हतं आणि मामांना सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

मामांसमोर काय काय होतं

माझ्या गॅरेजला आणणं हा सरळ मार्ग. पण गणपतीच्या तोंडावर आमच्याकडे रांग असते आणि गाडी दोन दिवस अडकली तर दोन दिवसांचा धंदा बुडतो. शेजाऱ्याने डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितलं. हा जुना उपाय आजही कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. नॅप्थलिन पेट्रोलमध्ये विरघळतं खरं, पण पेट्रोल उडालं की त्याचे खडे पुन्हा बनतात आणि बनतात तेही बारीक भोकांत. ते मामांनी केलं नाही, एवढं नशीब.

भाचा मुंबईहून आलेला. त्याने तोडगा आणला: पेट्रोलमध्ये ओतायचं औषध. आमच्याकडे अॅडिटिव्हला सगळे औषधच म्हणतात आणि मला वाटतं अर्धा घोटाळा या शब्दातच आहे. औषध म्हटलं की ते पोटात गेल्यावर दुखत्या जागी आपोआप पोचतं असं आपण धरून चालतो.

काय केलं गेलं: पहिला आठवडा

२७ तारखेला बाटली ओतली. ३०० मिलीची. ती ४० ते ६० लिटरच्या टाकीसाठी आहे, असं तिच्यावर छापलेलं होतं. मामांच्या टाकीत जेमतेम ३ लिटर. चारचाकीच्या टाकीत जे औषध अर्ध्या-पाऊण टक्क्याने पडायला हवं, ते इथे १० टक्क्यांनी पडलं, म्हणजे सोळापटीच्या आसपास. अशा बाटल्यांत बराचसा भाग रॉकेलच्या जातीचं तेल असतं आणि खरं साफ करणारं द्रव्य त्यामानाने थोडं. त्यामुळे मामांची गाडी दोन दिवस जवळपास भेसळीच्या पेट्रोलवरच चालली.

२८ला सकाळी मामांना गाडी जरा बरी वाटली. यावर मी बराच विचार केलाय, कारण पुढची चूक या 'जरा बरी'मधून निघाली. २७च्या संध्याकाळी त्यांनी दोन लिटर ताजं पेट्रोलही टाकलं होतं. दोन महिने शिळ्या पेट्रोलमधला पटकन पेटणारा हलका भाग उडून गेलेला असतो. ताजं पडलं की किक आधी लागते. श्रेय बाटलीने घेतलं. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की कशाने काय झालं हे सांगता येत नाही.

३०ला दुसरंच सुरू झालं. कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकायला लागलं. औषधाने आपलं काम केलं होतं, पण टाकीत. सोळा वर्षांचा थर आणि गंज एकदम सुटला, कॉकच्या जाळीतून निसटलेला बारीक गाळ फ्लोटच्या सुईखाली, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली, अडकला आणि सुई बसेना. स्लो जेट होता तसाच बुजलेला. पेट्रोल जिथे जातच नाही, तिथे पेट्रोलमधलं औषध कसं जाणार? थर पातळ असेल, भोक अर्धंमुर्धं उघडं असेल, तर दोन-तीन टाक्यांत चांगलं औषध फरक पाडतं. भोक पूर्ण बुजलं की तो हिशेब संपला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसंच हे.

मग दुकानदाराने पाणी घालवायचं औषध दिलं. हे बहुधा अल्कोहोल असतं, पेट्रोलमध्ये पाणी विरवून इंजिनातून जाळून टाकण्यासाठी. पण आपल्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल आधीच आहे. १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठलं, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. २०२४च्या त्या पावसाळ्यात मिसळ या दोहोंच्या मधे कुठेतरी होती. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी मावतं ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे लिटरमागे एक छोटा चमचा. त्याहून जास्त झालं की पाणी इथेनॉलला बरोबर घेऊन खाली बसतं. पागोळीचं पाणी टाकीत किती गेलं असेल हे त्या पडवीत उभं राहिल्यावर कळतं. अशा वेळी बाटलीतल्या चार थेंबांनी काही होत नाही, टाकी रिकामी करावी लागते.

शेवटचा उपाय मामांनी स्वतःच केला. आयडलिंगचा, म्हणजे रेस सोडल्यावरचा वेग ठरवणारा स्क्रू दोन-अडीच आटे आत फिरवला. गाडी उभी राहायला लागली! १ सप्टेंबरला सड्यावरून घाटी उतरताना इंजिन तापलेलं, रेस सोडली तरी ती खाली येईना. उतार, ओला रस्ता, मागे पावाचे क्रेट. मामांनी गाडी कशीबशी कडेच्या जांभ्याच्या गडग्याला लावली. माणूस वाचला, दोन क्रेट पऱ्ह्यात गेले. २ तारखेला संध्याकाळी गाडी माझ्याकडे आली.

माझ्यासमोरचे पर्याय

मामांना एकच विचारलं, "मामा, चोक दिल्यावर उभी राहायची का?"

"राहायची की. चोक काढला की मेली."

हे उत्तर २५ ऑगस्टला कोणी मागितलं असतं तर क्रेट वाचले असते.

गणपतीला पाच दिवस. नवा कार्बोरेटर बसवणं सगळ्यात झटपट. पण बाजारातले स्वस्त नकली कार्बोरेटर कधी नीट जुळतात, कधी नाही, आणि टाकीत गाळ असेल तर नवाही आठवड्यात बुजणार. चिपळूणला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायची तर सणाआधी परत मिळायची खात्री नाही. टाकी रिकामी करून, औषध योग्य मापात घालून वाट बघायची, हा पर्याय मी अर्धा मिनिट मनात घोळवला. स्लो जेट थोडा बुजलेला असता तर तो घेतलाही असता. पण बंद पडायला दोन सेकंदही लागत नव्हते. खोलणं भाग होतं.

काय केलं गेलं: गॅरेजात

पहिल्यांदा टाकी काचेच्या बाटल्यांत उतरवली, शेगडी आणि उदबत्तीपासून लांब. पाऊण तासाने बाटलीच्या तळाशी बोटभर गढूळ थर वेगळा दिसायला लागला. मामांना दाखवला. पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. टाकीच्या झाकणाचं वॉशर कडक होऊन तडकलेलं, पाणी तिथून शिरत होतं.

कार्बोरेटर खोलताना एअर स्क्रू, म्हणजे स्लोचं मिश्रण जुळवणारा स्क्रू, आधी पूर्ण आत फिरवून आटे मोजले आणि लिहून ठेवले: पावणेदोन. हे न लिहिता स्क्रू काढणारे पुढे तासभर अंदाजाने फिरवत बसतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं. ही उलटापालट माहीत नसल्यामुळे मी स्वतः पोरवयात एक गाडी बिघडवली आहे.

स्लो जेट उजेडाकडे धरला, भोकातून काही दिसेना. क्लीनरमध्ये रात्रभर भिजवला, सकाळी विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार काढून ती हलकेच फिरवली, मग कॉम्प्रेसरची हवा. सुई किंवा टाचणी कधीही नाही; पितळ मऊ असतं, भोक कणभर मोठं झालं की जेट गेलाच. कार्बोरेटरच्या अंगातल्या बारीक वाटाही हवेने मोकळ्या केल्या, कारण जेट साफ आणि त्याच्या पुढची वाट बंद, असंही असतं. फ्लोटची सुई साफ केली, कॉकची जाळी बदलली. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास येत होता, ओव्हरफ्लो झालेलं काही इंजिनात उतरलं होतं. ऑइलही बदललं.

३ तारखेला संध्याकाळी गाडी लागली. स्लो, म्हणजे उभ्याचा वेग, मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास लावला, या वर्गातल्या गाडीला तो बरोबर. पाच मिनिटं उभी राहिली, बंद पडली नाही. मामा खूश, मी खूश, गाडी दिली.

४ला दुपारी परत.

सकाळी इंजिन थंड असताना बंद पडते, तापली की रेस चढून राहते, अशी तक्रार. ही चूक माझी, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचणारी. घाटीत रेस खाली आली नाही, हे मामांनी मला आधीच सांगितलं होतं. मी त्याचं खापर फिरवलेल्या स्क्रूवर फोडून मोकळा झालो. पण तापल्यावर चढून बसणारी रेस हे बाहेरून हवा शिरत असल्याचं नेहमीचं लक्षण आहे. एक बिघाड सापडला आणि मी दुसरा शोधायचं थांबवलं. गाडीही संध्याकाळी, थंड इंजिनावर, जाग्यावरच तपासली. घाटीपर्यंत एक चक्कर मारली असती तर तिथेच कळलं असतं.

साबणाचं पाणी फवारणीच्या बाटलीत घेतलं आणि चालू इंजिनावर कार्बोरेटर व इनलेटच्या (इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) जोडावर मारलं. फुकटची हवा शिरत असेल तर साबणाचं पाणी क्षणभर ती फट बुजवतं आणि आवाज बदलतो. बदलला. काही जण इथे क्लीनरचा स्प्रे मारतात. चटकन कळतं, पण तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो. मी पाणीच वापरतो. खोलून बघितलं तर मधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चपटी होऊन कडक झालेली, आणि कार्बोरेटरचा जोडाकडचा चेहरा नट आवळून आवळून किंचित वाकलेला. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो सपाट केला, ओ-रिंग नवी घातली, नट हाताच्या अंदाजाने बेताचे आवळले. या वेळी मी स्वतः घाटी उतरून वर आलो.

जुन्या कार्बोरेटरला ही हवा आता आधीपेक्षा जास्त नडते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. २० टक्के इथेनॉल घातल्यावर १३.५च्या आसपास पुरतात. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, संगणक पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटर जुन्याच मापाने पेट्रोल देत राहतो, म्हणजे मिश्रण आधीच थोडं कोरडं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यात ओ-रिंगमधून हवा शिरली की स्लो पहिला कोलमडतो. म्हणून एअर स्क्रू मी पावणेदोनवरून दीडवर आणला. तो फिल्टरच्या बाजूचा आहे, त्यामुळे आत म्हणजे हवा कमी.

परिणाम

५ सप्टेंबरपासून मामा फेरीवर. गणपतीच्या आठवड्यात रोज दोन फेऱ्या झाल्या. किक दिवसाला दोनदा-तीनदा. दोन बाटल्यांना ६५० रुपये गेले, बुडालेल्या दोन क्रेटचे वेगळे. माझं बिल मजुरी, ऑइल, वॉशर, जाळी, ओ-रिंग धरून ८२० झालं. ४ तारखेच्या कामाची मजुरी लावली नाही. ती माझी उधारी होती.

पुन्हा असं आलं तर

गाडी दारात आली की आधी तीन प्रश्न: किती दिवस उभी होती, चोक दिल्यावर राहते का, तापल्यावर रेस चढते का. या उत्तरांवर बहुतेक वेळा औषध चालेल की खोलावं लागेल हे ठरतं. आणि फ्लोटच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून तिथलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. पाण्याचा बुडबुडा तळाला दिसला की औषधाची चर्चा तिथेच थांबते. मामांना हे पहिल्या दिवशी घरी करता आलं असतं, एका स्क्रूड्रायव्हरवर.

औषधाच्या मी विरोधात नाही, हेही सांगायला हवं. चालती गाडी, स्लो थोडा कापतोय, टाकी स्वच्छ आहे: अशा गाडीला साफ करणारं औषध सिरिंजने मोजून, बाटलीवरच्या प्रमाणात, दोन-तीन टाक्या दिलं तर फरक पडलेला मी पाहिलाय. मापाने घ्या म्हटलं की लोक हसतात, तो भाग वेगळा. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्यांचा स्लोशी काही संबंध नाही, त्या कोणी दिल्या तर परत कराव्यात.

मे २०२५मध्ये, पाऊस लागायच्या आधी, मामा आले. त्या वर्षी गाडी उभी ठेवायची नव्हती, तरी शिकवल्याप्रमाणे करायचं होतं. झाकणाचं वॉशर बघितलं, मऊ होतं. टाकी काठोकाठ भरायला सांगितली, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. रोज घरी आल्यावर कॉक बंद. आणि पडवीतली जागा बदलायची, ते त्यांनी आधीच केलं होतं. गाडी आता माजघराच्या भिंतीला, पागोळीपासून चार हात आत. वाटीतलं पेट्रोल ग्लासात काढलं. पिवळसर, स्वच्छ, तळाला काही नाही. मामांनी ग्लास उजेडाकडे धरून दोनदा बघितला आणि मग भाच्याने आणलेल्या नव्या बाटलीचं काय करू म्हणून विचारलं. मी ती उघडू नका म्हटलं. दुकानदार परत घेतो.